मिस्त्रींनी केलेला बाळाचा बर्थ

आमच्या कारखान्यात रेल्वेचे डबे बनतात आणि ते बनवणारे आम्ही लोक गाडीत क्वचितच बसतो. डबा आमच्यापुढे असतो तेव्हा ठोकळ्यांवर गप्प उभा असतो. रंग लागला, काचा बसल्या, मी शिवलेल्या गाद्या चढल्या की इंजिन येऊन त्याला ओढून नेतं. पुढे त्यात कोण झोपतं, कोण रडतं, आम्हाला पत्ता नसतो.

गुण्या मिस्त्री तर या बाबतीत आम्हा सगळ्यांचे बाप. एकतीस वर्षं डब्यांचं लाकूडकाम केलं, पण गाडी हलली की यांना मळमळायला लागतं. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. ते कायम त्यांच्या खिशात असे आणि माणूसही तसाच, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना गुण्या म्हणत. चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेशी सरळ रेषेत ठेवणार. ते म्हणत, बाई, तुमची गादी अर्धं सूत जास्त आहे. मी म्हणे, मिस्त्री, तुमची फळी अर्धं सूत कमी आहे. इंचाच्या सोळाव्या भागावरून वीस वर्षं आमचं असंच चाललं होतं. राहायलाही शेजारीच, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे घरी गेल्यावरही सुटका नाही.

त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन गाडीने सात तासांवरच्या शहरात राहायची. चार महिन्यांच्या बाळाला घेऊन ती एकदाच आली. बर्थ एका माणसापुरता. बाळाला भिंतीकडे ठेवावं तर आपण पडतो, आपल्याला जागा करावी तर बाळ पडतं. मग तिने त्याला सात तास मांडीवरच घेतलं. बाळ रडलं, रडणारच, सात तास मांडीवर त्याला झोप कुठली? समोरचे एक गृहस्थ म्हणाले, मूल सांभाळता येत नसेल तर माणसाने घरी बसावं. ही पोर उठली आणि उरलेला सगळा प्रवास दाराजवळ उभ्याने केला. तो गृहस्थ मला एकदा भेटायला हवा होता, एवढंच म्हणते.

परत जाताना ती म्हणाली, "बाबा, पुन्हा नाही. पाच वर्षांची झाली की आणेन तिला."

पाच वर्षं! वहिनींचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा, खुबा मोडलेला. घरातल्या घरात चौकट धरून चालायच्या, डब्याच्या पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं. त्यात हृदय थकलेलं. डॉक्टर पुढच्या तपासणीपलीकडचं काही बोलतच नव्हते. त्यांना एकटं टाकून मिस्त्रींना जाता येईना आणि लेक येईना. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. फोन बंद झाला की वहिनी उद्याच्या फोनची वेळ विचारायच्या. मला ते फार लागायचं.

मग एक दिवस मिस्त्री माझ्या विभागात आले आणि म्हणाले, "बाई, एक गादी हवी आहे. तीस इंच बाय चौदा. दीड इंच जाड, आणि घट्ट."

"कोणाच्या हुकमाने?"

मिस्त्री खिशातला गुण्या काढून माझ्या टेबलाची कड तपासायला लागले. एकतीस वर्षांत त्यांनी लेखी हुकमाशिवाय खिळा मारला नव्हता. मी समजले काय ते समजले आणि उरलेल्या रेक्झिनातून गादी शिवून दिली. अर्धं सूतही कमीजास्त नव्हती.

त्यांनी केलं ते असं: खालच्या बर्थच्या कडेला बिजागरीने जोडलेली एक छोटी फळी, तिला तीन बाजूंनी गोल घासलेला कठडा. नको तेव्हा खाली दुमडायची, हवी तेव्हा उचलून खटका लावायचा. आई आपल्या जागी आडवी होणार आणि बाळ तिच्या हाताशी, पडायची भीती नाही. जेवणाच्या सुट्टीत चार महिने हा उद्योग चालला होता. बाळाच्या जागी वाळू भरलेली पिशवी, उपाहारगृहाच्या काट्यावर साडेसात किलो मोजून घेतलेली. तिला आत निजवायचे, फळी दाबून बघायचे, वाकून कान लावायचे. लोक हसायचे. मीही हसायचे, पण तोंड फिरवून.

आमचे साहेब वयाने लहान आणि मनाने बरे. त्यांना ते आवडलं. त्यांनी वर कागद पाठवला आणि एका डब्यात बसवून चाचणी घ्यायची परवानगी आणली. रिकामा डबा नेहमीच्या गाडीला शेवटी जोडायचा, सात तासांवर सोडवायचा, वीस मिनिटांत परतीच्या गाडीला जोडून आणायचा. सोबत साहेब, मिस्त्री आणि गादीसाठी मी. स्टेशनचं नाव वाचून मिस्त्रींनी कागद माझ्यापुढे धरला. ते लेकीचं शहर होतं.

पहाटे पाचला निघालो. वहिनींपाशी माझी बहीण बसली होती. गाडीने फलाट सोडला आणि दुसऱ्याच मिनिटाला आवाज सुरू झाला. खट्. खट्. खट्. रुळांच्या प्रत्येक सांध्यावर बर्थचा खटका वाजत होता. आम्ही चार महिने उभ्या डब्यात तपासलं होतं! डबा चालतो, हे डबे बनवणाऱ्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. वाळूच्या पिशवीने तक्रार केली नसती, पण या आवाजात कुठलं लेकरू झोपणार? साहेबांनी फॉर्मवर 'आवाज' असं लिहिलं.

मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यात मळमळ सुरू झालेली. दोनदा जाऊन ओकून आले, तोंड धुतलं आणि जमिनीवर बसून खटका उघडला. कागदाची घडी घालून पाहिली, दोऱ्याचा वेढा देऊन पाहिला. माझ्याजवळच्या रेक्झिनचा तुकडाही टिकेना. शेवटी त्यांनी उजवा बूट काढला, आतलं चामड्याचं अस्तर ओढून काढलं, पटाशीने कापलं आणि खटक्याच्या खोबणीत ठोकून बसवलं. आवाज बंद झाला. आम्ही तिघांनी पुढचे दहा सांधे मोजले. साहेबांनी फॉर्मवरचा शब्द खोडला. मिस्त्रींनी खिडकीला डोकं टेकलं आणि विचारलं, किती वाजले. त्यानंतर दर दहा मिनिटांनी विचारत राहिले.

बारा वाजता गाडी थांबली. लेक फलाटावर उभी होती, कामावरून तासाची सुट्टी काढून आलेली. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. मिस्त्री एका ढिल्या बुटाने फटक फटक करत उतरले आणि हात पुढे केले. पोरीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की हमाल वळून बघायला लागले.

"अहो बाबा, आजोबा आहात तिचे तुम्ही, चोर नाही. थांबा, होईल ओळख," लेक म्हणाली.

पण ओळख व्हायला वीस मिनिटं, त्यातली तीन गेलेली. मिस्त्रींनी हात मागे घेतले आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

मी साहेबांना म्हटलं, "बाळाला आत निजवून बघू या."

"बाई, चाचणीच्या डब्यात प्रवासी चालत नाही."

"साहेब, वाळूला रडता येत नाही. तुम्ही चाचणी बर्थची घेताय की वाळूची?"

ते हसले. म्हणाले, "गाडी उभी आहे तोवरच हं."

लेक बर्थवर आडवी झाली, बाळाला शेजारी ठेवलं. हुंदके देत पोरीने कठडा पकडला, त्या गोल कडेवर तळहात फिरवला, मग ती कड चाटून पाहिली. आणि गप्प झाली. मिस्त्री दूर, दाराशी उभे राहून बघत होते. जवळ गेलं की पुन्हा रडेल, ही धास्ती. मला तेव्हा त्या माणसाची इतकी दया आली की भांडायलाही सुचेना.

परतीची गाडी मागे येऊन आमच्या डब्याला जोडल्याचा धक्का बसला. बाळ हललं, पण रडलं नाही. लेक पडल्या पडल्याच म्हणाली, "बाबा, अशीच येऊ का? उद्या-परवा सुट्टी घेईन. आई बघेल तरी हिला."

डबा रिकामा होता. गाडी घराकडेच निघाली होती. संध्याकाळी साडेसातला वहिनींच्या मांडीवर नात बसली असती. साहेबांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मला कळलं, मिस्त्रींनी शब्द टाकला असता तर ते पाहिलं न पाहिलं करणार होते. बोला ना मिस्त्री, एकदा तरी बोला, मी मनात ओरडत होते.

मिस्त्री म्हणाले, "नको बाळा. मंजुरी नाही अजून. वाटेत जरा काही झालं, कोणी वर कळवलं, तर हा बर्थ कायमचा कपाटात जाईल. मग कोणालाच मिळायचा नाही."

"मग पुढच्या डब्यात बसते."

पुढचे डबे खच्चून भरलेले. दारातही माणसं उभी होती. तिनेही ते पाहिलं आणि बाळाला उचललं. उचलल्याबरोबर ते पुन्हा रडायला लागलं.

फलाटावरून खिडकीशी येऊन तिने विचारलं, "आमच्या गाडीला हा डबा कधी लागेल?"

कागद कुठून कुठे जातो आणि किती टेबलांवर बसतो, हे मिस्त्रींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पुढे मंजुरी आली ती सव्वा वर्षाने. लेकही सुताराचीच होती, तीस इंचात पोर आणखी किती दिवस मावेल हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"लवकर," मिस्त्री म्हणाले.

एवढं एकच खोटं मी त्यांच्या तोंडून ऐकलं. तिने मान हलवली, बाळाचा हात धरून आम्हाला टाटा करायला लावला. गाडी सुटली. परतीच्या सात तासांत मिस्त्रींना एकदाही मळमळलं नाही, की त्यांनी कळूच दिलं नाही, कोण जाणे. मला त्यांचा राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे समजत नव्हतं. उद्याच्या कुठल्या तरी अनोळखी बाईचं बाळ त्या बर्थवर गाढ झोपणार होतं, आणि तिला या माणसाचं नावही ठाऊक नसणार होतं.

घरी पोचलो तेव्हा वहिनी चौकट धरून दारातच उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, दिवे लागल्यापासून. मी वहिनींना खुर्चीत बसवलं आणि माझ्या फोनमधले फोटो दाखवायला लागले. त्यांनी दोन पाहिले आणि फोन बाजूला सारला.

"यात नुसता चेहरा दिसतो गं. अहो, केवढी झाली ते सांगा."

मिस्त्री त्यांच्यापुढे खाली बसले. दोन्ही हात पुढे केले, तळवे समोरासमोर, मध्ये अंतर ठेवून. डावा जरा आत घेतला, थांबले, पुन्हा किंचित बाहेर नेला. अठ्ठावीस इंच. मला टेपची गरज नव्हती.

"एवढी," ते म्हणाले.

वहिनी त्या दोन हातांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. बराच वेळ झाला, मिस्त्रींचे खांदे भरून आले असणार, हात हळूहळू खाली यायला लागले.

"थांबा हो," वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात खाली नका घेऊ."