पापाची ढोलकी

छप्पन सालच्या सुमाराला पिंपरीत औषधाचा कारखाना चालू झाला होता आणि नगरकडची पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं तिथं पोटाला लागली होती. त्यांतला दावीद लाकडी खोकी ठोकायचा. इतका तोंड मिटून खिळे मारायचा की शेजारी माल भरणारा इब्राहिम म्हणायचा, "भावा, खोकं ठोकतोस का मयताची पेटी?"

दावीद मुळात असा नव्हता. बाप्तिस्म्याआधी तो दत्तोबा होता, तमाशाच्या फडातला ढोलकीवाला, बापाच्या हाताखाली तयार झालेला. त्याची ढोलकी कडाडली की पेंगणारं गाव उठून बसायचं. मग नगरच्या चर्चचे आढाव पाळक म्हणाले, देवाच्या घरात यायचं तर हे सैतानाचं वाद्य सोड. सोडलं. स्वतःच्या हातानं नेऊन पाळकांच्या अंगणात ठेवलं. पाळक म्हणाले, चुलीत घालतो. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून दावीदनं कुणाच्या लग्नात टाळीसुद्धा वाजवली नाही. माणूस शब्दाचा पक्का, आणि जग नेमकं अशाच माणसाला गंडवतं.

त्या डिसेंबरात मात्र घोळ झाला. इब्राहिम कामाच्या नादात कव्वाली गुणगुणत होता आणि दावीदचा हातोडा आपसूक ठेक्यात पडायला लागला. दोन ठोके खिळ्यावर, एक फळीच्या कडेवर. कुणी डब्यावर ताल धरला, माणसं हसायला लागली, खोकी भराभर उठली. दावीदच्या तोंडावर हसू फुटलं आणि लगेच त्याला धडकी भरली. आपल्या हातून पाप घडलं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. हसू नका. बारा वर्षं तेच शिकवलं होतं त्याला.

सुटी झाल्यावर तो तडक पाळकांकडे गेला. नगरच्या माणसांपाठोपाठ त्यांचीही बदली पिंपरीला झाली होती.

"पाळकसाहेब, हातोड्यानं ठेका धरला म्या. क्षमेची प्रार्थना करा."

पाळक पोट धरून हसले. "अरे, काळ बदलला! यंदा नाताळला कीर्तन आहे आपलं, वाद्यांसकट. बायबलातला दावीद राजा नाही का देवाच्या पवित्र कोशापुढे नाचला?"

"मग ती गोष्ट तवा पुस्तकात नव्हती का?"

पाळक तेवढ्यात उठून आत गेले. आतून एक ढोलकी आणून त्यांनी त्याच्या पुढ्यात ठेवली. लाकडाला चीर गेलेली, त्यावर पितळी पट्टी. ती पट्टी दावीदच्या बापानं ठोकली होती. ढोलकी जळलीच नव्हती. पाळकांच्या मुलानं दार लावून तिच्यावर हात बसवला होता, हेही तिथंच कळलं.

"इतकी चांगली वस्तू जाळवेना रे," पाळक म्हणाले.

दावीद घरी आला, जेवला नाही. पाळकांकडे घडलेलं सगळं त्यानं संतापानं सांगितलं. त्याची बायको सोजराबाई म्हणाली, "वाजवू नगा त्यांच्यासाठी."

"त्यांच्यासाठी कोण वाजवतंय?" तो खेकसला. पण त्याची बोटं मांडीवर हलत होती, आणि ते तिनं पाहिलं.

नाताळच्या सकाळी पत्र्याच्या शेडात मंडळी दाटीवाटीनं बसली. दावीदनं ढोलकी घेतली. आधी बोटं अडखळली, मग सुटली. म्हाताऱ्या बाया डोलायला लागल्या, पोरं उठून नाचायला लागली. येशू जन्मला याचा आनंद दावीदनं इतकी वर्षं नुसता मानला होता. त्या दिवशी तो त्याच्या अंगात आला.

भजन संपलं. पाळक गहिवरून उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "देवानं आपल्या दावीदची कला त्याला परत दिली!"

दावीदनं तो हात बाजूला केला.

"देवानं घेतलीच नव्हती, पाळकसाहेब. माझा बाप मरायला टेकला तवा म्हणला, दत्तू, ढोलकी न्हाई तर न्हाई, ट्रंकेवर बोटं मार, पर एकदा ऐकव. म्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. आन् तवा ती तुमच्या घरात वाजत हुती."

पाळकांची मान खाली गेली. दावीदनं बाहीला डोळे पुसले, ढोलकी पुन्हा मांडीवर ओढली आणि कुणी सांगायच्या आत पुढच्या भजनाचा ठेका धरला.