सुके बांगडे

सुक्या बांगड्यांचा वास आला की मला सहावीचा वर्ग आठवतो. मी रत्नागिरीत मावशीकडे शिकत होते. आई आमच्या गावाहून, नाट्याहून, सरांसाठी बांगडे घेऊन आली आणि वर्गाच्या दारात थांबली. सरांनी मला इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात? प्रश्न कळला, पण इंग्रजी शब्द सापडेनात.

"बाबा होडीवर जातत," मी म्हटलं.

सरांनी नाकाला रुमाल लावला. वर्ग हसला. आईही हसली. तिला काही कळलंच नाही, म्हणून मी तिच्यावर चिडले.

आता मीच इंग्रजी शिकवते. एखाद्या मुलाला उत्तर आलं नाही की दारात आलेली त्याची आई माझ्याकडे बघून तशीच हसते, माझा राग त्याच्यावर निघू नये म्हणून. आईला तेव्हा सगळं कळलं होतं.

बांगडे सरांनी घरी नेले.