ताज्या माशाचे तपकिरी कल्ले

माझ्या डोळ्यांदेखत तळ्यातून काढलेल्या ट्राउटचा कल्ला मी बोटाने उचलला आणि तळ्याचे मालक हेर क्राउस यांना म्हणालो, "हा मासा ताजा नाही."

"दोन मिनिटांपूर्वी तो पोहत होता," ते म्हणाले. "तुम्ही इथेच उभे होतात."

बायकोने माझी बाही ओढली. मी पुण्याचा. मासे घ्यायला शिकलो ते लग्नानंतर, मालवणच्या सासऱ्यांच्या हाताखाली. त्यांचा एकच नियम होता. लाल कल्ला असेल तर घ्या, तपकिरी असेल तर पुढे चला. समोरचा कल्ला चॉकलेटच्या रंगाचा होता, त्यामुळे तोंडातून निघून गेलं. तेही अशा माणसापुढे, जो सकाळपासून माझ्यावर चिडलेला होता.

खरा राग माझ्या मीटरवर होता. ही गोष्ट २००३ च्या उन्हाळ्यातली. फ्रँकफर्टजवळच्या एका छोट्या कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारी मीटर्स आम्ही बनवायचो. मासा त्याच ऑक्सिजनवर जगतो. तो कमी झाला की मीटरने अलार्म द्यायचा. ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या हेर क्राउसच्या दोन तळ्यांपैकी खालच्या तळ्यात चार दिवस रोज मासे मरत होते. उरलेले पाण्याच्या पाइपापाशी गर्दी करून धापा टाकत होते. अलार्म मात्र गप्प. मीटर म्हणत होतं, ऑक्सिजन भरपूर आहे.

"मीटर खोटं बोलत असेल, तर त्यांचे मासे आपण मारले," शुक्रवारी बॉस म्हणाला. "उद्या जा. कारण सापडल्याशिवाय येऊ नकोस."

शनिवार तसाही जाणारच होता, म्हणून बायको कूलबॉक्स घेऊन सोबत आली. थेट तळ्यावरचा मासा मिळणार असेल तर माझ्या कामाबद्दल तिची तक्रार नसते.

सकाळभर मी तपासत बसलो. तळ्यातलं मीटर, माझ्याकडचं दुसरं मीटर, वर केमिकल टेस्ट. तिन्हींचा आकडा एकच.

"तिघेही तुमच्याच घरचे," हेर क्राउस म्हणाले.

मला पुढे काही सुचेना. खरं सांगायचं तर म्हणूनच मी मासे विकत घ्यायचा विषय काढला. माणूस चिडलेला असला तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यांनी जाळीने एक ट्राउट काढला, डोक्यावर नेमका एक फटका दिला, सुरी चालवली. आणि मी त्याला शिळा म्हणालो.

"अहो, शिळा नाही हे दिसतंय," बायको मराठीत म्हणाली. "मग लाल का नाही?"

मी प्रश्न जर्मनमध्ये सांगितला. हेर क्राउसनी रागातच मासा हातात घेतला. कल्ला पुन्हा उचलून बघितला. मग वरच्या तळ्याकडे गेले आणि तिथला एक मासा घेऊन आले. त्याचे कल्ले लालभडक.

"दोन तळ्यांत फरक काय?" मी विचारलं.

"वरच्याला झऱ्याचं पाणी. यंदा झरा आटलाय, म्हणून खालचं पाणी फिल्टरमधून फिरवून पुन्हा वापरतो."

"आणि फिल्टर?"

"एकदम स्वच्छ. मागच्या आठवड्यात मी स्वतः वाफेच्या जेटने धुतला. एक डाग शोधून दाखवा."

तिथे माझी ट्यूब पेटली. फिल्टरमधला बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे, कामगार. ते बॅक्टेरिया माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया टप्प्याटप्प्याने निरुपद्रवी करतात. त्यांना धुऊन टाकलं की काम अर्ध्यावर राहतं आणि पाण्यात नायट्राइट साठतं. ते रक्तात शिरलं की रक्त तपकिरी होतं आणि ऑक्सिजन वाहून नेत नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर, मासा तरी गुदमरतो. हे सगळं कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. माझं लक्ष बहुधा जेवणाच्या सुट्टीकडे होतं.

गाडीत नायट्राइटची टेस्ट स्ट्रिप होती. बुडवली, तर गडद गुलाबी. मी लॅबमधल्या सहकाऱ्याला घरी फोन लावला. तो म्हणाला, "मीठ टाका. मीठ असलं की नायट्राइट रक्तात शिरायला अडतं. आणि त्या तळ्यातला मासा सध्या कुणाला विकू देऊ नका."

ट्राउटला धुरी देण्याआधी मिठाच्या पाण्यात ठेवतात, त्यामुळे पोती तिथेच होती. सहकाऱ्याने सांगितलं तेवढं मीठ आम्ही तिघांनी ओतलं. बायकोने सँडल काढून ठेवले होते. हेर क्राउस तिच्याशी फार अदबीने बोलू लागले. माझ्याशी नाही.

आम्ही रिकामा कूलबॉक्स घेऊन घरी आलो आणि वरणभात खाल्ला. मला झोप नीट लागली नाही. रविवारी सकाळी फोन आला. "आज एकही मेला नाही," हेर क्राउस म्हणाले. "मीटर बरोबर होतं." शुक्रवारनंतर पहिल्यांदा चहाला चव लागली.

तेव्हापासून कुठेही बिघाड झाला की मी आधी विचारतो, हल्ली तुम्ही काय साफ केलंत?

तीन आठवड्यांनी हेर क्राउसनी स्वतः बोलावलं. चार ट्राउट काढून समोर ठेवले. माझं बोट सवयीने कल्ल्याकडे गेलं. बायकोने मासे आपल्याकडे ओढून घेतले.

"राहू द्या," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही बघितलंत, तर मासा पानात पडायला तीन आठवडे लागले."