दोन फुटी सुरमई

परदेशात गणित शिकून परत आले तेव्हा माझ्या मनात चित्र पक्कं होतं: आकड्यांना घाबरणाऱ्या बायका, आणि त्यांची भीती घालवणारी मी. प्रत्यक्षात वेसाव्याच्या समाजमंदिरात दुपारी तीनला भरणाऱ्या आमच्या वर्गात पाच बायका यायच्या आणि आकड्यांना त्यांच्यातली एकही घाबरत नव्हती. घाबरायच्या त्या फक्त फळ्याला. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्गाचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. बसस्टॉपवर उभी असताना एक आठवतो आणि त्याच्यामागून दुसरा येतोच.

वर्ग परब गुरुजींचा. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ते बायकांना बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसवायचे; गणित माझ्याकडे होतं. त्यांच्यातल्या हिराबाई अंधेरीच्या बाजारात मासे विकायच्या. मानेचे मणके झिजले होते, डोक्यावर पाटी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोळीवाड्यात बालवाडी निघणार होती, तिथे मदतनीस हवी होती. अट एकच, सातवी पास. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: गुणाकाराने संख्या वाढते, भागाकाराने घटते.

हिराबाईंनी विचारलं, आठ पापलेटं आहेत, एकेका गिऱ्हाइकाला अर्धं द्यायचं, तर किती गिऱ्हाइकं होतील?

"सोळा," मी म्हणाले.

मागून सुनंदाताई बोलल्या. त्या मालवणकडच्या, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घरोघर स्वयंपाक करायच्या. "आठाक अर्ध्यान भागला, सोळा इले. मगे घटला खंय?"

मी फळा पुसला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला शाळेत तसं शिकवलं होतं, म्हणून मी तसं लिहिलं होतं.

*

पुढे घातांक आले. दहाच्या डोक्यावर बारीक सहा लिहिला आणि सांगितलं, हे झाले दहा लाख. सुनंदाताईंना तो सहा फार आवडला. "माझी सासू अशीच. येवढीशी, पण डोक्यार बसली काय बघा!"

सगळ्या हसल्या. हिराबाई मात्र वहीत काहीतरी करत होत्या. त्यांनी विचारलं, अर्ध्याच्या डोक्यावर दोन बसवले तर? मी म्हणाले, पाव. तीन बसवले तर? अर्धपाव.

"म्हंजे हा मोठ्याला मोठं करतो, नि बारक्याला आणखी बारकं."

हे वाक्य मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी हिराबाईंनीच विषय पुढे नेला. एकाच्या डोक्यावर कितीही बसवले तर?

एकच राहतो, मी म्हणाले. शंभर बसवले तरी एकच.

हिराबाईंनी मानेवर हात ठेवला. नवरा जाऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. "ह्या एकाला तरी बरंय," त्या म्हणाल्या. "कितीबी ठेवा, वाकत नाय."

त्या दिवशी मी वर्ग लवकर सोडला.

*

फॉर्म भरण्याआधी गुरुजी चाचणी घेत. शंभरात पस्तीस मिळाले तरच ते फॉर्मवर सही करत. गणिताची चाचणी मी काढली आणि एका प्रश्नावर मी फार खूश होते, कारण तो त्यांच्या आयुष्यातला होता. एक फूट लांबीच्या सुरमईचे वजन पाव किलो, तर दोन फूट लांबीच्या सुरमईचे वजन किती? गुण पाच.

चौघींनी लिहिलं, अर्धा किलो. हिराबाईंनी लिहिलं, दोन किलो. मी लाल फुली मारली. बेरीज झाली एकतीस. फॉर्मची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

पेपर वाटले तेव्हा त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, ही सुरमई तुमी कुठं पाह्यली?"

मी फळ्यावर त्रैराशिक मांडून दाखवलं. लांबी दुप्पट, वजन दुप्पट. त्यांनी पेपराची घडी केली, पोलक्यात खोचली आणि बाजाराला गेल्या.

*

सुनंदाताई फळा पुसायला थांबल्या होत्या. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "दोन किलो माका पण म्हायत होता."

"मग अर्धा का लिहिलंत?"

"तुमका अर्धो व्हयो होतो."

*

संध्याकाळी मी अंधेरीच्या बाजारात गेले. हिराबाईंनी फळीवर दोन सुरमया शेजारी मांडल्या, एक दुसरीच्या दुप्पट लांब. धाकटीवर वीत ठेवली, मग थोरलीवर दोन वेळा. पोटाजवळची रुंदी बोटांनी मोजली, तीही दुप्पट. मग थोरली आडवी धरून जाडी दाखवली. तीही.

दोन दुणे चार, चार दुणे आठ. पाव किलोच्या आठपट, दोन किलो.

"नुसती लांबी वाढंल तर ती सुरमई नाय," त्या म्हणाल्या. "ती वाम." वाम म्हणजे सापासारखा मासा. मग त्यांनी थोरली तराजूत टाकली. मी काट्याकडे बघितलं नाही.

सकाळी सातला मी गुरुजींच्या दारात उभी होते. हिराबाईंकडून पेपर मागून आणला होता, फुली खोडून पाच दिले होते, बेरीज छत्तीस. गुरुजींनी पेपर वाचला, चष्मा काढला आणि सुरमईच्या प्रश्नावर बोट ठेवलं. "बरोबर आहे तिचं. मी सही करतो. पण मुली, मोठ्या परीक्षेत असलाच प्रश्न आला तर तपासणारा अर्धा किलोच धरणार. या पाच गुणांवर ती नापास होऊ शकते. तिला काय लिहायला सांगशील?"

मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

"दोन किलो," मी म्हणाले.