नदीची ओटी
नव्या खणाच्या खळीचा वास आला की मला २०२२ साल आठवते; मी तेव्हा एकाहत्तरचा होतो. त्या पावसाळ्यात शाळेतून पोरींना आणणारा ट्रॅक्टर नदीच्या पुरात उलटला. माझी पंधरा वर्षांची नात बाभळीला धरून वाचली, तिची मैत्रीण वाहून गेली. नात बोलेना, आंघोळीची बादली पाहिली तरी थरथरे. आर्वीच्या दवाखान्यातली एक बाई अशा पोरांशी बोलायला गावात आली, तिला मी दारातूनच परत पाठवले. "आमच्या घरी कोणी पागल नाई," म्हणालो. चौथी शिकलो, पण वांग्याची वाडी एकट्याने उभी केली. मला कोणी शिकवावे? आमच्याकडे पाण्यातून जीव वाचला की त्या पाण्याची ओटी भरतात. महिन्याने पूर पुरता ओसरल्यावर नातीला हाताला धरून नदीवर नेले. गाळाला कुजका वास होता, बाभळीला चिंध्या लटकत होत्या. खण-नारळ तिच्या ओंजळीत देऊन म्हणालो, "सोड माय पाण्यात. नदीनं तुले वाचवलं." महिनाभर मुकी पोर तेव्हा बोलली, "आबा, माह्या मैत्रिणीले नेलं ना नदीनं? मंग तिच्या मायनंही ओटी भरायची काय?" नारळ माझ्या पायाशी टाकून ती गाळात बसली. उठेना, तेव्हा मी तिला ओढत घरी आणले. आज ती कॉलेजात जाते, सगळ्यांशी हसते. मला मात्र त्यानंतर कधी आबा म्हणाली नाही. नदीवरून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी तिला पहिल्या एसटीने आर्वीला नेले होते, आणि त्या बाईने ओळखू नये म्हणून डोक्यावरची टोपी खिशात घालून दवाखान्याच्या रांगेत बसलो होतो.