लाल टिकलीचे हेडसेट

"हे याने डोक्याला लावलंय, आणि आता तेच माझ्या मुलाच्या तोंडावर?"

धरमपेठेतल्या आमच्या भाषावर्गात एक आई हे बोलली. मी डोळे झाकणारा व्हीआर हेडसेट चढवून त्यातलं जर्मनीतलं पावाचं दुकान दाखवत होतो. आतलं सगळं तिला टीव्हीवर दिसत होतं. दुकानदाराशी आपण जर्मन बोलायचं, मशीन उच्चाराला गुण देतं. माझ्या डोळ्यांपुढे तो दुकानदार हसत होता. कानात तिचा आवाज.

वर्गाच्या मालकीण मॅडम म्हणाल्या, "अहो, हा फक्त मशीन सांभाळतो. आत्ता पुसून घेते त्याच्याकडून."

मी पुसला. स्पिरिटनं. तीनदा. ती बोटानं दाखवत होती, "कडेला. आतूनही." माझं वय सत्तेचाळीस, दोन मुलींचा बाप. पुसला.

उमरेडला आमच्या घरी हातमाग होता. बाबांनी विणलेली धोतरं लोक पूजेला नेसायचे आणि बाबांना ओट्याखाली उभं ठेवायचे. हे मी लहानपणी पाहिलेलं. तरीही पुढचं मी केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळच्या बॅचचे चार हेडसेट वेगळे काढ. तेलकट डोकी असतात त्यांची. लाल टिकली लाव, मिसळायला नकोत."

संध्याकाळच्या बॅचला रामटेक, नरखेडकडच्या मुली होत्या. नर्सिंग झालेल्या, सरकारी योजनेतून फुकट शिकणाऱ्या. जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी मिळेल म्हणून येणाऱ्या. त्यांच्यासाठी मी सगळ्यांत जुने चार निवडले. त्यांतल्या दोनांचा माईक मधेच बंद पडायचा. मला ठाऊक होतं. टिकल्या मीच लावल्या, एका रेषेत. खरं सांगतो, लावताना बरं वाटलं. आपल्याखालीही कोणी आहे, असं बरं.

रामटेकजवळच्या एकीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, आमच्याच चष्म्यायले टिकल्या काहून लावल्या गा?"

"चार्जिंगची खूण हाये वं ती."

ती मैत्रिणीकडे वळली. "ऐकलं वं? आपली बॅटरी डाऊन हाये म्हने."

सगळ्या हसल्या. मीही हसलो.

मग बोलण्याची परीक्षा आली. सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही बॅच मिळून वरचे सहाच जर्मनीतल्या नोकरीच्या मुलाखतीला जाणार होते. रामटेकजवळच्या त्या मुलीच्या वाट्याला बिघडलेला माईक आला. म्हणजे मी दिला. ती बोलली, मशीननं अर्धंच ऐकलं. दुकानदार अदबीनं म्हणाला, कृपया पुन्हा सांगा. तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. ती मोठ्यानं बोलू लागली, मग ओरडू लागली. दारात सकाळच्या बॅचची पोरं उभी होती. एक म्हणाला, "बहिरा है क्या बे दुकानवाला? की ही वावरातून हाका मारून राहिली?"

चांगला हेडसेट माझ्या हाताशी, टेबलावर होता. मी उचलला नाही.

तिनं हेडसेट काढला. कपाळावर फोमचा वळ. मला एवढंच म्हणाली, "तुमाले मालूम होतं ना?"

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि समोरच्या खुर्चीत बसलो. सहा वर्षांत त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो.

"उभा राहून बोल."

"नाही. माईक खराब होता, मला माहीत होतं. परीक्षा पुन्हा घ्या."

"यादी गेली. त्या पोरींसाठी तू नोकरी घालवणार?"

"परीक्षा पुन्हा घ्या."

त्यांनी मला त्याच दिवशी काढलं.

मुलाखत घेणाऱ्यांना पत्र लिहायचं ठरवलं आणि रामटेकजवळच्या तिच्या घरी जाऊन तिला सांगितलं. तिनं आत बोलावलं नाही. अंगणातच म्हणाली, "माह्यावर उपकार म्हणून लिहू नका. तुमी काय केलं ते लिहा."

तेच लिहिलं. जुने हेडसेट कोणी निवडले, खराब माईक कोणी दिला, कोण गप्प राहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र पाठवलं, तिसरं पाठवतोय. तिनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागायलाही जाणार नाही. परीक्षा पुन्हा होईपर्यंत लिहीत राहणार. प्रत्येक पत्रात दोषी म्हणून दोन नावं असतील. मॅडमचं दुसरं. पहिलं माझं.