चर्चच्या तळघरात वर झालेले हात

अल्डा हूक्स्ट्राने एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली. आयोवाच्या वायव्य टोकाला असलेल्या त्या गावातली निम्मी माणसं तिच्याच बसमधून शाळेत गेलेली. त्यामुळे तिने दार वाजवलं की लोक आत या म्हणायचे, कॉफी पुढे करायचे. निवृत्त झाल्यावर वर्षभर तिने ही सगळी दारं एकाच माणसासाठी वाजवली. त्यांचं नाव टॉलिव्हर, शेजारच्या राज्याचे माजी गव्हर्नर. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, याचा पहिला कौल जानेवारीत आयोवाच देतं. टॉलिव्हर एकदा तिच्या स्वयंपाकघरात बसून वाटाण्याचं सूप प्यायले होते आणि दोन महिन्यांनी भेटले तेव्हा तिच्या गुडघ्याची चौकशी केली होती. अल्डाला तेवढं पुरे झालं.

पण गावातली श्रद्धाळू, जुन्या वळणाची मतं तिघांत वाटली गेली होती. काही टॉलिव्हरांची, काही सिनेटर रॅडकीची, आणि काही डॉक्टर हॅस्किन्सची, जो प्रचारसभेची सुरुवातच प्रार्थनेने करायचा. चौथा होता व्हिटलॉक, पूर्वेकडचा कोट्यधीश. चर्चशी त्याचा संबंध नाताळपुरता. आठ वर्षांपूर्वी असाच एक पैसेवाला पाव मतांवर निवडून आला होता, कारण बाकीची पाऊण मतं आपापसांत भांडत बसली होती.

"या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही," कोरीन डायकहाउस म्हणाली. कोरीन हॅस्किन्सची माणूस. अल्डाची आणि तिची मैत्री चाळीस वर्षांची. दोघींची बाळंतपणं एकाच हिवाळ्यातली. "मतदानाच्या आधीच्या गुरुवारी सगळे चर्चच्या तळघरात जमू. कौल घेऊ. जो पुढे येईल त्याच्यामागे सगळे. मान्य?"

"आणि तुझा डॉक्टर पडला तर?"

"पडला तर पडला. मी शब्द पाळीन. तुझं काय?"

"माझा शब्द तुला माहीत आहे," अल्डा म्हणाली.

गुरुवारी तळघरात एकेचाळीस जण जमले. तिन्ही उमेदवारांसाठी घरोघर फिरणारी माणसं ती. हॅम घातलेले पाव खाऊन झाले, पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, मग हात वर झाले. हॅस्किन्सला नऊ. टॉलिव्हरांना पंधरा. आणि रॅडकीचं नाव पुकारल्यावर अल्डाने पाहिलं, कोरीनचा हात वर. स्वतःचा माणूस सोडून, एकीसाठी. अल्डाच्या डोळ्यांत पाणीच आलं. रॅडकीला सतरा मिळाले. टॉलिव्हर दोन मतांनी मागे पडले होते.

दुसऱ्या दिवशी तिने टॉलिव्हरांच्या कचेरीत फोन करून काय झालं ते सांगितलं. तासाभराने गव्हर्नरांचाच फोन आला.

"अल्डाबाई, तुम्ही शब्द दिलाय म्हणजे तुम्ही तो पाळणार. वाईट वाटतंय, पण रागावलो नाही मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

मग तीन दिवस तिने तीच दारं पुन्हा वाजवली, आता रॅडकीसाठी. लोक चकित झाले. तिच्या बसमधून शाळेत गेलेला लायल नावाचा दूधवाला शेतकरी म्हणाला, "बाई, वर्षभर तुम्ही आम्हाला टॉलिव्हर, टॉलिव्हर ऐकवलंत. आता म्हणता रॅडकी. तुम्हीच उतरलात तर आम्ही कशाला बसून राहू? मी जाईन व्हिटलॉककडे. तो निदान जिंकणारा घोडा आहे."

"लायल, एकी राहिली तर तो जिंकत नाही."

"तुमच्या एकीची मला खात्री नाही," असं म्हणून त्याने गोठ्याचं दार लावून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात सभा भरली. प्रत्येक उमेदवारासाठी कोणीतरी दोन मिनिटं बोलायचं, मग चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकायचं, ही तिथली रीत. अल्डा रॅडकीसाठी बोलली. हॅस्किन्ससाठी कोणी उठलंच नाही. तिला हायसं वाटलं. चिठ्ठ्या मोजायला तिघांना बसवलं, त्यांत तीही होती.

पहिल्या मुठीतच हॅस्किन्सच्या पाच चिठ्ठ्या निघाल्या. असतील कोणी, तिने मनाला समजावलं. मग दहा झाल्या, वीस झाल्या. एका चिठ्ठीवर तिचा हात थबकला. इंग्रजी एच अक्षराची आडवी रेघ दोन्ही बाजूंना बाहेर काढलेली. गेली चाळीस वर्षं केकच्या कृती तिला याच अक्षरात मिळत होत्या. तिने ती चिठ्ठी हॅस्किन्सच्या ढिगावर ठेवली आणि पुढची उचलली.

व्हिटलॉक एकोणपन्नास, हॅस्किन्स शेहेचाळीस, रॅडकी त्रेचाळीस, टॉलिव्हर चार.

बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडत असलेल्या कोरीनला तिने गाठलं.

"तू हात वर केला होतास."

"अगं, इथे थंडीत नको. उद्या ये ना घरी."

"रॅडकीच्या नावाला हात वर केला होतास तू, कोरीन. मी पाहिलं."

कोरीनने खरवडणं थांबवलं. "आम्हा सहा जणांनी केला होता. ठरवूनच. तुम्ही टॉलिव्हरवाले घट्ट होतात, फुटत नव्हतात. तो एकदा बाजूला झाला की तुमची माणसं आमच्याकडेच येतील असं वाटलं. रॅडकीकडे कोण जातंय, म्हटलं."

"म्हणजे ती बैठक त्यासाठी होती."

"बैठकीचा शब्द माणसांना दिलेला असतो, अल्डा. मत देवासमोर द्यायचं असतं."

"देवाचं नाव घेऊ नकोस आत्ता," अल्डा हळू आवाजात म्हणाली. "माझ्याकडून मागितलास तोही शब्दच होता. मी पाळला. तू मला मूर्ख बनवलंस, आणि इतकं करून जिंकला कोण?"

गाडीत बसताना कोरीन एवढंच म्हणाली, "तुझ्यावर डाव नव्हता गं. टॉलिव्हरवर होता."

राज्यभर व्हिटलॉक सव्वीस टक्क्यांवर पहिला आला. बुधवारी टॉलिव्हरांनी माघार घेतली. बातमी अल्डाने रेडिओवर ऐकली. नवरा वेंडेल टेबलाशी बसून बटाटे सोलत होता.

"त्या चारांतलं एक माझं होतं," तो म्हणाला.

ती वळली. "तुला मी रॅडकी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पण तळघरात हात तू वर केलास, मी नाही. मी तर घरी होतो."

तिला हसूही आलं आणि राग तर आलाच. तीन दिवस ज्याच्यासमोर ती घसा कोरडा करत होती, त्यानेही मान डोलावून आपलंच केलं होतं. फरक एवढाच की हा विचारल्याशिवाय सांगून मोकळा झाला.

गावात दोन चर्च आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना. शंभर वर्षांपूर्वी आजोबा-पणजोबा कशावरून तरी भांडले आणि निम्मे पलीकडे गेले. स्तोत्रं तीच राहिली. त्या वसंतात कोरीन पलीकडच्या चर्चमध्ये जाऊ लागली. कोणी कारण विचारलं नाही. दुकानात भेटल्या की दोघी हवेबद्दल बोलतात.

चार वर्षांनी पुन्हा फोन सुरू झाले. एका उमेदवाराच्या प्रचारात काम करणारी मुलगी फार गोड बोलली: अल्डाबाई, तुमच्या शब्दाला गावात वजन आहे म्हणतात, आमच्यासाठी काही दारं वाजवाल का?

"मत द्यायला येईन," अल्डा म्हणाली, "पण कोणाला ते विचारू नकोस, आणि मला कोणाला सांगायलाही लावू नकोस."